मावशी, रविवार आणि शॅम्पेन ब्रंच

गेल्या महिन्यात एका रविवारी मावशीला शॅम्पेन ब्रंचला, म्हणजे न्याहारी न् जेवण एकत्र असलेल्या आणि सोबत शॅम्पेन देणाऱ्या बुफेला, घेऊन गेले होते, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, आज शेवटी बसलेय. माझ्या मावशीने डोंबिवलीत तेवीस वर्षं डबे केले. काका गेले तेव्हा ती चौतीसची होती, पदरात दोन पोरं, आणि येत होता तो फक्त स्वयंपाक. पहाटे साडेचारला उठून चाळीस डबे, दोन भाज्या, आमटी, भात आणि दोनशेच्या वर पोळ्या, तेही रोज. मला दादरच्या कॅटरिंग कॉलेजला ॲडमिशन मिळाली तेव्हा घरात पैशांची ओढाताण होती आणि पहिल्या वर्षाची फी मावशीने भरली, डब्याच्या पैशातून, पोस्टातून काढून आणलेल्या नोटा रुमालात बांधून. तेव्हाच मी तिला म्हटलं होतं की मोठी झाले की तुला फाइव्ह स्टारमध्ये जेवायला नेणार. मोठी होऊन पण बरीच वर्षं झाली. मी हॉटेल लाइन सोडली, लग्न झालं, पोरगी झाली, मावशीने गुडघ्यांमुळे डबे बंद केले आणि ते नेणं राहूनच गेलं. यंदा तिला सदुसष्टावं लागलं तेव्हा म्हटलं आता बस, बुकिंग करूनच टाकलं.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. सहार विमानतळाच्या बाजूला आहे इतकं पुरे. रविवारी साडेबारा ते चार ब्रंच असतो. नेहमीप्रमाणे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, त्यामुळे तासभर हाताशी ठेवून निघालो, मावशी डोंबिवलीहून आली, आम्ही दोघं ठाण्याहून, घाटकोपरला भेटलो आणि तिथून मेट्रोने एअरपोर्ट रोड. मावशी मोरपंखी नारायणपेठ नेसून आली होती, केसात अबोलीचा गजरा. मला म्हणाली, "अगं, तिथे साडी चालते ना?" म्हटलं मावशी तिथे सगळ्यात सुंदर तूच दिसणार आहेस, आणि खरंच तसंच झालं.

आधी बुकिंगबद्दल थोडं सांगते कारण यात माझे एकदा पैसे गेलेत. बहुतेक ठिकाणी तीन रेट असतात, एक नुसतं जेवण आणि सॉफ्ट ड्रिंक्स, दुसरा वाईन बियर कॉकटेल वगैरे धरून, आणि तिसरा शॅम्पेनचा. तीन चार वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या एका हॉटेलात लग्नाच्या वाढदिवसाला गेलो होतो, जाहिरातीत मोठ्या अक्षरात शॅम्पेन ब्रंच आणि प्रत्यक्षात ग्लासात ओतली साधी स्पार्कलिंग वाईन, म्हणजे बुडबुडे असलेली कुठलीही वाईन. विचारलं तर म्हणे मॅडम सेमच असतं. सेम नसतं! फ्रान्समधल्या शॅम्पेन नावाच्या भागात, तिथल्याच द्राक्षांची, तिथल्या नियमांनी केलेली असेल तरच तिला शॅम्पेन म्हणायचं, बाकी सगळी स्पार्कलिंग वाईन. आणि मी आपल्याकडच्या स्पार्कलिंगला नावं ठेवत नाहीये हां, नारायणगावला ऐंशीच्या दशकात ओमर खय्याम नावाची स्पार्कलिंग बनून परदेशात जात होती, आता वाईन बनवणाऱ्यांत नाशिकला सुला आहे, दिंडोरीला शाँदों आहे, शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची पद्धत वापरून चांगला माल निघतो. पण मग ती तिच्या नावाने द्या आणि तिच्या भावाने द्या. शॅम्पेनचे पैसे घेऊन नाशिकची ओतणं ही फसवणूक आहे आणि त्यात नाशिकचाही अपमान आहे. म्हणून आता मी फोनवरच विचारते, कुठल्या लेबलची देणार, किती वेळा भरणार, कर धरून किती आणि सर्व्हिस चार्ज लावता का. जेवणावर मोठ्या हॉटेलात १८ टक्के जीएसटी लागतो, दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट वेगळा, त्यामुळे बिल बघून गोंधळायला होतं. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं स्पष्ट सांगितलंय, नको असेल तर काढायला सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तर या हॉटेलने सगळं सरळ सांगितलं, लेबलचं नाव पण सांगितलं. नवरा दारूला हात लावत नाही म्हणून त्याचं नुसतं जेवण, आणि माझं न् मावशीचं शॅम्पेनचं. मावशीने आयुष्यात कधी घेतली नव्हती. मी म्हटलं नको असेल तर राहू दे, तर म्हणाली, "एकदा बघू तरी काय असतं ते, एवढं नाव ऐकलंय." स्वस्त नव्हतं, आमच्या घरात महिन्याचा किराणा येईल इतके पैसे एका दुपारचे गेले, आणि मी ते वर्षभर बाजूला टाकत होते. एक रुपयाचंही वाईट वाटलं नाही.

आत गेल्यावर पहिली गोष्ट कानावर येते ती ब्रंचचा आवाज. ज्यांनी हॉटेलात काम केलंय त्यांना कळेल. काट्याचमच्यांचा, बर्फाच्या बादलीत बाटली सरकवल्याचा, डोशाच्या तव्यावर पाणी मारल्याचा चर्र, कुठेतरी पियानो, आणि मागे किचनचं दार उघडलं की क्षणभर येणारा आतला आरडाओरडा. मला एकदम २००७ आठवलं. ट्रेनिंगच्या सहा महिन्यांत माझे किती रविवार गार्ड मांजेत, म्हणजे कोल्ड किचनमध्ये गेले. पहाटे सहाला हजर, हात बर्फात, कोळंबी सोलून तिचा काळा दोरा काढायचा, पंचवीस पंचवीस किलो, नखांच्या कडा फुटायच्या. मग कलिंगडं, अननस, सॅलडचे बाउल, चीज एक तास आधी फ्रिजबाहेर काढायचं कारण गार चीजला चवच नसते. साडेबाराला दार उघडलं की सगळं चित्रासारखं मांडलेलं, आणि आम्ही आत. पाहुण्यांना दिसतो तो बुफे, त्यामागे पहाटेपासून कितीतरी माणसं उभी असतात. एक्झिक्युटिव्ह शेफपासून कॉमीपर्यंत, म्हणजे सगळ्यात ज्युनियर कुकपर्यंत, आणि भांडी घासणाऱ्या स्टुअर्डिंगच्या पोरांपर्यंत, कुणालाच रविवार नसतो.

म्हणून माझा एक नियम आहे, आणि मी तो मावशीला पण सांगितला. गेल्या गेल्या प्लेट उचलायची नाही. रिकाम्या हाताने आधी सगळा बुफे फिरायचा, देवळात प्रदक्षिणा घालतो तसा. काय काय आहे, कुठल्या काउंटरवर समोर करून देतायत, कुठली गोष्ट आत्ता ताजी आली आणि कुठली अर्ध्या तासापासून पडलीय. बुफेची मांडणी पण मुद्दाम असते, सुरुवातीला ब्रेड, सॅलड, सूप, पास्ता, जे पोट भरतं आणि स्वस्त पडतं ते पुढे, आणि महाग गोष्टी आत, जिथे शेफ स्वतः कापून देतो तिथे. यात वाईट काही नाही, पण माहीत असलेलं बरं. मावशी प्रदक्षिणेत प्रत्येक ठिकाणी थांबत होती. बर्फावर मांडलेल्या कोळंब्या बघून म्हणाली, "डोळे बघ कसे काळेभोर, ताजी आहेत." चेफिंग डिशचं, म्हणजे बुफेत पदार्थ गरम ठेवायच्या भांड्याचं, झाकण उघडून वाफ बघितली आणि मान डोलावली. मी तिला सांगितलं की गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि गार पाचच्या खाली ठेवावे लागतात, मधे राहिले की जंतू धरतात, आणि इथे कुणीतरी दर थोड्या वेळाने थर्मामीटर खुपसून वहीत लिहितं. तिला ते फार आवडलं. म्हणाली मी डब्याची आमटी वर वाफ दिसली तरच भरायचे, थर्मामीटर कुठला.

मग बसलो, आणि बाटली आली.

हे मला सावकाश सांगायचंय. पोरगा लहान होता, चोवीस पंचवीसचा, पण हात पक्का. बर्फ आणि पाणी दोन्ही असलेल्या बादलीतून बाटली काढली, नुसत्या बर्फात ठेवली की ती नीट गार होत नाही, ८ ते १० अंशांवर लागते. फडक्याने पुसली, लेबल आधी मावशीला दाखवलं. मला नाही, नवऱ्याला नाही, टेबलावर वयाने मोठी कोण ते त्याने बरोबर हेरलं. वरचा कागद काढला, मग तारेची जाळी, तिची कडी सहा अर्ध्या वेढ्यांत सुटते. एक अंगठा सतत बुचावर, कारण बाटलीच्या आत पाच सहा ॲटमॉस्फिअरचा दाब असतो, गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त. बाटली तिरकी धरली आणि बूच नाही फिरवलं, बाटली फिरवली. आणि आवाज काय आला, तर नुसता फुस्स. सिनेमात दाखवतात तसा ठो करून फेस उडवणं हे अडाणीपणाचं काम, त्यात वायू जातो, वाईन जाते, आणि कुणाचा डोळा पण जाऊ शकतो. नीट उघडलेली शॅम्पेन हळूच उसासा टाकते. मावशी एकटक बघत होती. "किती हळुवार उघडली रे बाळा," ती त्याला म्हणाली, आणि तो पोरगा इतका खूश झाला, म्हणाला, "थँक्यू आजी." मराठीच निघाला, साताऱ्याकडचा.

मावशीने ग्लास घेतला, आधी बुडबुडे बघितले. तळापासून एका ओळीत वर जाणारे, बारीक, न थांबणारे. मग नाकाशी नेला. मी काहीच बोलले नाही, तिला काय वाटतं ते मला ऐकायचं होतं. तिने दोनदा वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "अगं, याला भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावाचा वास येतोय. आणि मागनं थोडं आंबट सफरचंद."

माझ्या अंगावर काटा आला. कारण हेच, अगदी हेच, कॉलेजमध्ये आमचे सर आम्हाला महिनोन् महिने शिकवत होते आणि आम्हाला येत नव्हता तो वास. शॅम्पेनची आधी साधी वाईन करतात, मग बाटलीत भरून थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच लावतात, ते यीस्ट बाटलीतच साखर खातं, वायू सोडतं आणि मरून तळाशी बसतं. त्या मेलेल्या यीस्टसोबत बाटली तळघरात पडून राहते, विकायला काढण्याआधी साधी शॅम्पेन तळघरात एकूण कमीत कमी १५ महिने ठेवावी लागते, ठराविक एकाच सालातली असेल तर तीन वर्षं. त्या यीस्टमधून हळूहळू पावासारखा, भाजलेल्या टोस्टसारखा वास उतरतो. यीस्ट म्हणजे तेच, पाव फुगवतं ते. तेवीस वर्षं कणकेत हात घातलेल्या बाईला पहिल्या घोटाआधीच कळलं. मी तिला हे सगळं सांगितलं तर ती अगदी साधेपणाने म्हणाली, "हो मग, आंबवलेल्याचा वास लपतो होय."

आणि मग मी तिला लेबलची गोष्ट सांगितली. त्या दिवशी होती वव्ह क्लिको, पिवळ्या लेबलची. वव्ह म्हणजे फ्रेंचमध्ये विधवा. बार्ब निकोल क्लिको नावाची बाई, १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा ती सत्तावीसची होती, पदरात एक मुलगी, आणि नवऱ्याचा वाईनचा धंदा तिने हातात घेतला. त्या काळी बाटलीत यीस्टचा गाळ राहायचा, वाईन गढूळ दिसायची. १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात एक पद्धत निघाली, लाकडी फळीला भोकं पाडून त्यात बाटल्या तिरक्या उलट्या अडकवायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ घरंगळत मानेत येतो, मग तेवढाच काढून टाकायचा. अजून तसंच करतात, फक्त बऱ्याच ठिकाणी आता मशीन फिरवतं. मावशीने बाटली बादलीतून स्वतः काढली, फडकं धरून, आणि लेबलवर बोट फिरवत राहिली. "विधवेचं नाव बाटलीवर छापलंय होय," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि आम्ही पण नाही बोललो. नवऱ्याने उठून तिच्यासाठी पहिली प्लेट आणली.

आता खाण्याबद्दल. शॅम्पेनसोबत काय खावं याबद्दल माझं ठाम मत आहे आणि ते मी सगळ्यांना सांगत असते, खारट आणि तळलेलं. लोक समजतात की कॅव्हिआर नाहीतर ऑयस्टर हवेत, असले तर छानच, पण त्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, आंबट बुडबुड्यांना खरी जोड मिळते ती कुरकुरीत तळणीची, तेलकट तोंड ती एका घोटात स्वच्छ करते आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. आणि त्या दिवशी एका काउंटरवर रवा लावलेले बोंबील तळत होते! दाबून पाणी काढलेले, बाहेरून कडक, आतून लोण्यासारखे. मी तीन आणले, मावशीने एक तोंडात घातला, वर एक घोट, आणि डोळे मिटले. मला वाटतं शॅम्पेनला जगात कुठे खरं सासर असेल तर ते बोंबलाच्या घरी आहे. हे मी मनापासून लिहितेय, पुढच्या वेळी कुठे मिळालं तर करून बघा. कोळीवाडा कोळंबी पण चालेल पण तिचा मसाला जरा वरचढ होतो.

गोडासोबत मात्र नको. आमची होती ती ब्रूट, म्हणजे कोरडी, तिच्यात लिटरमागे १२ ग्रॅमच्या आतच साखर असते, वरून केक किंवा रसमलाई खाल्ली की तीच शॅम्पेन लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागते. गोडासोबत घ्यायची तर देमी सेक हवी, ती गोडसर असते. ब्रंचला ती सहसा नसते, म्हणून आम्ही ग्लास संपवला आणि मग गोडाकडे गेलो.

पण त्याआधी अंड्याचा काउंटर. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे होतो, बहुतेक पंधरा वीस मिनिटं, आणि मागची रांग आमच्यावर चिडली असेल तर माफी. मावशी अंडी आणि मासे खाते, मटण डुकर खात नाही, म्हणून एग्ज बेनेडिक्टमधलं हॅम काढून पालक घालायला सांगितलं, त्याला फ्लोरेंटाइन म्हणतात. खाली भाजलेला इंग्लिश मफिन, म्हणजे केक नाही, गोल चपटा पाव, त्यावर लसूण परतलेला पालक, त्यावर पोच केलेलं अंडं, म्हणजे व्हिनेगर टाकलेल्या हलक्या उकळत्या पाण्यात कवच फोडून सोडलेलं, तीन मिनिटं, वर पांढरं धरलेलं आणि आत बलक वाहता. आणि सगळ्यावर हॉलंडेज.

हॉलंडेज मला ट्रेनिंगमध्ये रडवून गेलेला सॉस. अंड्याचे बलक, व्हिनेगर आणि मिरी आटवून केलेलं थोडं पाणी, वाफेवर स्टीलचा बाउल ठेवून फेटत राहायचं, घट्ट झालं की वितळवून निवळलेलं बटर धारेने सोडायचं, अगदी दोऱ्यासारख्या धारेने, शेवटी लिंबू आणि मीठ. जरा आच जास्त झाली, जरा बटर घाईत पडलं, की सगळं फुटतं, वर तेल आणि खाली बलकाचे गोळे. पहिल्या आठवड्यात माझे चार बाउल फुटले, शेफने चारही वेळा कचऱ्यात टाकायला लावले नाहीत, उलट दुरुस्त करायला शिकवलं, नव्या बाउलमध्ये एक ताजा बलक आणि चमचाभर कोमट पाणी, आणि फुटलेला सॉस त्यात हळूहळू फेटत घालायचा, परत जुळून येतो. त्या शेफचे उपकार मी विसरणार नाही.

हे मी मावशीला सांगत होते तर ती मधेच म्हणाली, "म्हणजे कढीसारखं. कढी फुटते तशी." अगदी तशीच. "मग कढीला आपण बेसन लावतो, याला काय लावतात?" काउंटरवरचा शेफ मराठी समजणारा होता, तो थांबला आणि आमच्याकडे बघायला लागला. मी म्हटलं याला बाहेरून काही लावत नाहीत, बलकातच लेसिथिन असतं, ते तूप आणि पाणी दोघांना धरून ठेवतं, फक्त घाई करायची नाही. शेफने तिला चमच्यावर नुसता सॉस काढून दिला चाखायला. तिने जिभेवर ठेवला, टाळूला लावला, आणि त्याला विचारलं, "किती वेळ टिकतो रे हा?" तो म्हणाला, आजी दोन तास, मग नवीन करतो, फ्रिजमध्ये ठेवून परत गरम नाही होत. मावशी म्हणाली, "बरोबर, लोणी थिजणार." दोघं मग कढी आणि सॉसवर असे बोलत राहिले जसे दोन वैद्य एखाद्या रोग्याबद्दल बोलतात. मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं, समोर रांग असताना त्याने तिला पाहुणी म्हणून नाही, स्वयंपाकातली माणूस म्हणून उत्तरं दिली.

बाकीचं भराभर सांगते. सुशी ठीकठाक, भात जरा दाबलेला. पास्त्याकडे आम्ही गेलोच नाही. कार्व्हिंग काउंटरवर लॅम्बची तंगडी होती, नवऱ्याने घेतली, कापण्याआधी वीस मिनिटं विश्रांती दिली होती त्यामुळे रस प्लेटमध्ये न वाहता मांसातच राहिला, तो म्हणाला इतकं मऊ मी कधी खाल्लं नाही. चीजच्या टेबलावर मावशीला निळं चीज दिलं तर म्हणाली बुरशी आली म्हणून मी आख्खा डबा फेकला असता, पण दुसऱ्यांदा घेतलं, मधासोबत. डोसा काउंटर बघून ती हसली, "एवढं लांब येऊन डोसा कोण खातं," आणि तिथे सगळ्यात मोठी रांग होती. गोडात एक लिंबाचा टार्ट होता, वरची साखर जाळून काचेसारखी केलेली, चमच्याने टकटक केलं की तडकायची. मावशीने तीन वेळा टकटक केलं.

एका गोष्टीचा मात्र त्रास झाला, तो हॉटेलबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. शेजारच्या टेबलावरून उठून गेलेल्यांच्या प्लेट्स. अख्खे लॉबस्टरचे तुकडे, न चावलेले केक, कोळंबीचा ढीग, एकावर एक. पैसे भरलेत म्हणून भरून घ्यायचं आणि दोन घास खाऊन ठेवून द्यायचं. मी स्टुअर्डिंगमध्ये एक आठवडा काढलाय, परत आलेल्या प्लेट्स खरवडून पिंपात टाकायच्या, त्या पिंपांचं वजन रोज लिहायचो आम्ही, आणि त्यात मीच सोललेली कोळंबी असायची, पहाटेची, अख्खी. तो आठवडा मला कधी विसरता आला नाही. लहान प्लेट घ्या, चार वेळा उठा, हवं तितक्या वेळा उठा, कुणी अडवत नाही, पण ताटातलं संपवा. मावशीने तिची प्रत्येक प्लेट पावाच्या तुकड्याने पुसून लख्ख केली होती. तो साताऱ्याचा पोरगा प्लेट उचलताना म्हणाला, "आजी, ही धुवायला पण नको." मावशी म्हणाली धू रे बाबा, पण मेहनत वाया नाही गेली बघ कुणाची.

ब्रंच हा शब्द १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या एका लेखातून पुढे आला, शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्यांना रविवारी सकाळी लवकर उठायला लागू नये म्हणून उशिराची न्याहारी आणि जेवण एकत्र करा, अशी ती विनवणी होती. मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती, हातात दुसरा ग्लास, अर्धा. तिने दीडच घेतला, सावकाश, तीन तास पुरवला. म्हणाली, "म्हणजे उशिरा उठणाऱ्यांचं जेवण. मी रविवारी पण साडेचारलाच उठायचे गं, रविवारी मटणाचे डबे असायचे." मग म्हणाली, "आज मी साडेसातला उठले." आणि परत बाहेर बघायला लागली. चार वाजत आले होते, काउंटर आवरायला घेतले होते, मोठ्या ट्रे जाऊन त्यांच्या जागी लहान ट्रे आल्या होत्या. बाहेर एक विमान उतरत होतं. मी तिला घाई केली नाही.

निघताना तिने अंड्याच्या काउंटरवरच्या शेफला शोधलं, तो आत गेला होता, म्हणून त्या साताऱ्याच्या पोराजवळ निरोप ठेवला की सॉस उत्तम जमला होता आणि आजी करून बघणार आहे. बाटलीचं बूच आणि वरची जाळी तिने रुमालात बांधून पिशवीत टाकली. परत येताना ट्रेन नको म्हटलं, टॅक्सी केली, आणि ती ऐरोलीच्या पुलापर्यंत झोपली माझ्या खांद्यावर, गजऱ्याचा वास येत होता.

मंगळवारी दुपारी तिचा फोन. "अगं ऐक, बटर कुठे आणत बसू, साजूक तूप घेतलं. तेही निवळलेलंच असतं ना." बरोबर होतं, फक्त तुपाला वास जास्त. "पहिल्यांदा फुटलं. तूप फार गरम होतं. मग तू सांगितलंस तसं नवीन बलक घेतला, कोमट पाणी घातलं, आणि आलं बघ जुळून." पोच करायला जमलं नाही म्हणून उकडलेली अंडी अर्धी चिरून, खाली लादीपाव तव्यावर भाजून, पालकाच्या जागी मेथी, आणि वरून पिवळाजर्द तुपाचा हॉलंडेज, थोडा पातळ, पण अजिबात न फुटलेला. फोटो पाठवलाय. फोटोत मागे ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी, ती शॅम्पेनची जाळी ठेवलेली दिसतेय.